माझ्या नावापुढची खूण

गुरुवार, ८ सप्टेंबर

दादा,

वर काय मायना लिहावा यात माझे दोन कागद फुकट गेले. शाळेत शिकवलेला मोठ्या भावाचा मायना लिहिला, तर तू म्हणशील आता बरा मान आठवला. म्हणून नुसतं दादा. तुझा पत्ता मामाकडून घेतला. फोनच करणार होते, पण तू उचलशील की नाही ते माहीत नाही, आणि उचललास तर आधी कोणी बोलायचं हा प्रश्न आलाच. पत्रात तेवढी सोय आहे.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. या पत्राचंही नाही आणि आज जे झालं त्याचंही नाही. सांगितलं तर ती जेवणार नाही आणि मग मलाच तिची समजूत काढत बसावं लागेल.

मला नोकरी लागल्याचं मामाने कळवलं असेल. पाणी तपासायची प्रयोगशाळा आहे. "एवढी घरातली पहिली पदवी, ती काय नळाचं पाणी बाटलीत भरायला?" असं आत्या म्हणते. म्हणू दे. मला हे काम मनापासून आवडतं. लोक नळ सोडतात, पेला भरतात आणि न बघता पितात, ते कोणाच्या तरी भरवशावर. तो भरवसा म्हणजे आपण, असं मला रोज सकाळी वाटतं. तू हसशील. हस.

सहा महिन्यांचं प्रोबेशन आहे, ते तीस तारखेला संपतं. त्यानंतर कायम करतील किंवा घरी पाठवतील.

आज दुपारी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. या आमच्या नव्या प्रमुख. जुने साहेब निवृत्त झाले आणि या तीन आठवड्यांपूर्वी आल्या. बोलतात फार कमी, आमच्यात चहाला बसत नाहीत. "मॅडम सायलेंट मोडवर आहेत, व्हायब्रेटसुद्धा होत नाहीत," असं नाना म्हणतात. नाना म्हणजे आमचे सगळ्यांत जुने तंत्रज्ञ.

झालं ते असं. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. आमच्या बाटलीत त्याचा जोर मोडणारी पावडर आधीच घातलेली असावी लागते. नसेल, तर पाणी आमच्याकडे येईपर्यंत बाटलीतल्या बाटलीत क्लोरिन जंतू मारत राहतं आणि घाण पाणी चाचणीत स्वच्छ दिसतं. यावेळी पुरवठादाराने पांढऱ्या झाकणाच्या बाटल्या पावडरीशिवाय पाठवल्या. मॅडमच्या ते लक्षात आलं आणि शनिवारी संध्याकाळी त्यांनी सूचनांच्या वहीत लिहिलं, की सोमवारपासून नळाच्या पाण्यासाठी फक्त निळ्या झाकणाच्या बाटल्या वापराव्यात.

मी सोमवारी, मंगळवारी, बुधवारी पांढऱ्याच नेल्या. सात ठिकाणं. पैकी सोमवारच्या आणि मंगळवारच्या चार ठिकाणांचे 'पिण्यास योग्य' असे दाखले माझ्या सहीने गेलेसुद्धा.

"सूचना वाचली नव्हती का?" मॅडम म्हणाल्या.

"कुठली सूचना, मॅडम?"

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. सूचनेखाली आमची चार नावं आणि प्रत्येक नावापुढे 'वाचले' अशी खूण. माझ्याही.

"मला ही सूचना मिळालीच नाही."

"मग ही खूण?"

"माझी नाही."

"कोणाची?"

त्यांनी वही मिटली. "उद्या लेखी द्या. आणि आता सातही ठिकाणी फोन करायचे आहेत, पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका म्हणून. चार तुम्ही करा, तीन मी करते."

तीन त्यांनी स्वतःकडे का घेतले? मला मदत म्हणून, की मी फोनवर काय सारवासारव करते ते ऐकायचं होतं म्हणून? केबिनचं दार त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचले होते, दादा. दारं मी उघडली, फ्रीजचं तापमान मी लिहिलं, मग दिवसभर उन्हातान्हात गल्ल्या हिंडले. अशा माणसाच्या नावापुढे कोणीतरी खोटी खूण करून ठेवतं. मी शोधून काढणार आहे.

तुझी बहीण


शुक्रवार, ९ सप्टेंबर

दादा,

कालचं पत्र अजून पाकिटातच आहे. हेही त्यातच घालते.

आमच्याकडे एक पद्धत आहे, बाहेरच्या माणसाला सांगायला लाज वाटावी अशी. सकाळी जो पहिला येतो तो वहीत चौघांच्याही नावापुढे खुणा करून टाकतो. नाना, मी, बाटल्या धुणाऱ्या मावशी आणि गाडीवाले काका. जुने साहेब सूचना चहाच्या वेळी तोंडाने सांगायचे, दोनदा सांगायचे, वर विचारायचे, "कळलं ना रे सगळ्यांना?" वही नुसती वरच्या ऑफिसला दाखवायला. त्यात खुणा दिसल्या की त्यांचं समाधान. नव्या मॅडम तोंडाने सांगतच नाहीत, लिहितात आणि खुणा बघतात. आमची वही कोणी वाचत नाही हे त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि आता वही वाचायची असते हे आम्हाला कोणी सांगितलं नाही.

मी स्वतः या असल्या प्रकारात कधी पडत नाही.

आता बघ. रोज सगळ्यांत आधी कोण येतं? नाना. माझ्या जागेसाठी यादीत दुसरा नंबर कोणाचा होता? नानांच्या भाचीचा. हे मला मावशींनी रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, तेव्हा मी मनावर घेतलं नाही. आज सकाळी काचेतून पाहिलं, नाना केबिनमध्ये उभे होते आणि मॅडम हसत होत्या. त्यांना हसता येतं हेच मला माहीत नव्हतं.

मी बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होते तेव्हा नाना आले.

"काय पदवी, चेहरा का उतरलाय? स्वतःचाच रिपोर्ट आला की काय?" मला ते पदवीच म्हणतात.

"नाना, तुमची भाची काय करते हल्ली?"

"घरीच आहे. का गं? स्थळ आणलंयस?"

"सहज विचारलं."

"सहज विचारणाऱ्यांची मला भीती वाटते," म्हणाले आणि शीळ घालत गेले. ज्याच्या मनात काही नाही तो माणूस असं बोलेल का? तूच सांग.

वहीच्या त्या पानाचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवलाय. उद्या कोणी पान फाडलं तर?

लेखी दिलं. त्यात नाव कोणाचंच घेतलं नाही. एवढंच लिहिलं, की सदर खूण माझी नाही, सकाळी माझ्या आधी येणाऱ्या व्यक्तीने ती केली असण्याची शक्यता आहे. माझ्या आधी कोण येतं ते इथल्या भिंतींनाही ठाऊक आहे. मॅडमनी ते दोनदा वाचलं, 'व्यक्ती' या शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, "खात्री आहे?" मी हो म्हटलं. 

दुपारी निळ्या झाकणाच्या बाटल्या घेऊन पुन्हा सातही ठिकाणी गेले. कोणी पाणी दिलं, कोणी आधी चार शब्द सुनावले. रविवारी निकाल बघायला मलाच जायचं आहे.


रविवार, ११ सप्टेंबर

दादा,

सात बाटल्यांपैकी सहा स्वच्छ निघाल्या. एक काळी.

आमच्या पहिल्या चाचणीत असंच असतं. बाटली उबेत ठेवायची, पाण्यात घाणीचे जंतू असतील तर ते काळं पडतं. ही शाईसारखी काळी होती. बालवाडीच्या टाकीतली.

सोमवारी त्याच टाकीचं पाणी मी पांढऱ्या झाकणाच्या बाटलीत भरलं होतं. मंगळवारी संध्याकाळी दाखला दिला, पिण्यास योग्य.

मी मॅडमना घरी फोन केला. त्या अर्ध्या तासात आल्या, केस ओलेच होते. त्यांनी बाटली उजेडात धरली आणि लगेच बालवाडीच्या मुख्य बाईंना फोन लावला. स्पीकर चालू होता. मुख्य बाई म्हणाल्या, बुधवारी आमच्या आयाबाईंनी सांगितलं होतं की पाण्याला वास येतोय. मी तुमचा दाखला काढून बघितला, योग्य लिहिलेलं होतं, म्हणून तेच पाणी मुलांना दिलं. अकरा मुलं पोट बिघडून घरी आहेत.

कोणाला दवाखान्यात ठेवावं लागलेलं नाही ना, हे मी मधे पडून दोनदा विचारलं. मॅडमनी मला गप्प केलं नाही.

त्या बाईंनी स्वतःच्या नाकापेक्षा माझ्या सहीवर विश्वास ठेवला, दादा.

घरी आले तर आई म्हणाली, "रविवारी कसलं गं ऑफिस?" मी म्हटलं, "जादा काम होतं." तिने माझ्याकडे बघितलं आणि पुढचं विचारलं नाही. तिला कळलंय का? मामा तिला काही बोलला का? तू मामाला काही बोललास का?

आता ते लिहिते, जे लिहायचं नव्हतं. मला पदवी मिळाली त्या दिवशी तू संध्याकाळी दारात उभा होतास, वेल्डिंगचे डाग पडलेल्या शर्टात, आणि म्हणालास, "मला निरोप मिळालाच नाही." मी आतेभावाकडून आठवडा आधी समारंभाला यायचा निरोप दिला होता. तो शपथेवर सांगत होता की दिला. घरात पंधरा माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "सोयीचं आहे." तू पिशवी उचललीस आणि त्यानंतर आपलं बोलणं नाही.

गुरुवारी केबिनमध्ये माझ्या तोंडून जे निघालं ते तुझंच वाक्य होतं. शब्दही तेच. मॅडम मात्र "सोयीचं आहे" असं म्हणाल्या नाहीत.

मी हे माफी मागायला लिहीत नाहीये. तुला निरोप मिळाला नव्हता याची मला अजूनही खात्री नाही. आणि नानांवरचा माझा संशय तर वाढलाच आहे. त्या माणसामुळे अकरा मुलं आजारी पडली.


मंगळवार, १३ सप्टेंबर

दादा,

काल नानांना मेमो मिळाला. सूचनावहीत इतरांच्या नावापुढे खुणा करण्याबाबत गुरुवारपर्यंत खुलासा करावा, असा. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, चार घड्या घालून खिशात ठेवला आणि पिपेट मोजायला लागले. विनोद नाही, शीळ नाही. मला बरं वाटलं. वाटलं ते वाटलं.

आज दुपारी मावशी बाटल्या धूत होत्या, मी पुसत होते.

"नानांना कशाला धरलंय गं त्या बाईने?" मावशी म्हणाल्या.

"सोमवारच्या खुणांवरून."

"सोमवारच्या? सोमवारी नाना होते कुठे? डोळे तपासायला गेलेले, बाराला आले."

"हजेरीपटावर नऊची वेळ आहे, मावशी."

"ती असणारच. साहेबांच्या वेळेपासूनची रीत आहे, तोंडी सांगून जायचं आणि आलं की नेहमीची वेळ टाकायची. म्हणून तर बिचारे बोलत नाहीत. तोंड उघडलं तर दुसरीकडून सापडतील." त्यांनी नळ बंद केला. "आणि अगं, सोमवारी माझ्या घरून किल्ली तूच नाही का घेऊन गेलीस? पहिली तूच आलेलीस की."

पुसलेलीच बाटली मी पुन्हा पुसली.

मग शौचालयात जाऊन मोबाइलवरचा फोटो काढला. चार खुणा, एका दमात केलेल्या, प्रत्येकीचं शेपूट पार समासाच्या रेघेबाहेर गेलेलं. कॉलेजात प्रॅक्टिकलची वही तपासताना बाई याच शेपटावरून मला ओरडायच्या. हा फोटो मी पाच दिवसांत कितीतरी वेळा मोठा करून बघितला होता, दरवेळी दुसऱ्याचा हात शोधत.

मला आता सगळं दिसतंय. सोमवारी आल्या आल्या मी वही उघडली, चार खुणा ओढल्या आणि फ्रीजकडे गेले. सूचना काय आहे ते बघितलंही नाही. हात करत होता, मी नव्हते, असं लिहिणार होते. पण मीच होते.

शुक्रवारी तुला लिहिलं, मी या असल्या प्रकारात पडत नाही. ते खोटं होतं. नाना उशिरा येणार असले की मीच करायचे. सगळे करतात, त्यात काय, असं वाटायचं. तुला ते कळू नये म्हणून लिहिलं नाही. म्हणजे तू इतक्या लांब असूनही तुझ्यासमोर मला चांगलं दिसायचं होतं.

माझी फाइल परवा वर जाणार आहे. नानांना निवृत्त व्हायला आठ महिने आहेत. मी गप्प बसले तर नाना काहीतरी गुळमुळीत खुलासा देतील, मेमो त्यांच्या फाइलला लागेल, मी कायम होईन. मावशींच्या डोक्यात दोन आणि दोन जुळायचे नाहीत. जुळले तरी त्या माझ्याच बाजूच्या आहेत. हे सगळं मी नीट मांडून बघितलं, दादा. मीच ती, भरवसा वगैरे बोलणारी.

पाच वाजता मॅडम पर्स घेऊन निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "काही बोलायचं होतं का?"

मी म्हटलं, "नाही, मॅडम."

त्यांनी असं का विचारलं असेल?


बुधवार, १४ सप्टेंबर

दादा,

सकाळी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं. बारा ओळी झाल्या. वाचून बघितलं तर त्यातल्या आठ ओळी पद्धत कशी होती, साहेब कसे होते, मॅडमनी तोंडाने सांगायला कसं हवं होतं, यावर होत्या. त्या आठ काढल्या. उरल्या त्या चार पाठ केल्या आणि मॅडमच्या मागोमाग केबिनमध्ये शिरले. त्यांनी अजून खुर्चीही ओढली नव्हती.

"मॅडम, सोमवारच्या चारही खुणा माझ्या आहेत. सूचना न वाचता मी त्या केल्या. शुक्रवारी लेखी दिलं ते चुकीचं आहे, ते मी परत घेते. नानांचा यात काहीही संबंध नाही."

त्या बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत.

"तुम्ही खात्री आहे म्हणाला होतात."

"हो. खात्री होती. तपासलं नव्हतं."

"आणि हे आज का सांगताय? उद्या फाइल जाणार म्हणून?"

"फाइल जाणार म्हणूनच, मॅडम. ती गेल्यावर सांगितलं असतं तर ते फुकटचं झालं असतं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. माणूस खरं बोलतोय की नुसता हुशार आहे हे ठरवताना कसं बघतात ते मला कळलं, कारण गेले पाच दिवस मी नानांकडे तसंच बघत होते.

मग मी दुसरा कागद ठेवला. सात ठिकाणं, कुठे कोणाशी बोलले, कुठला दाखला रद्द, कुठला नवा. रद्द दाखल्यांवर कारण स्पष्ट लिहिलं होतं, की नमुना चुकीच्या बाटलीत घेतला गेला होता. शेवटी एक ओळ माझ्या मनाची. यापुढे खुणेऐवजी प्रत्येकाने सूचना स्वतःच्या शब्दांत एका ओळीत लिहावी. ज्याला लिहिता येत नाही त्याने दुसऱ्याला सांगावी आणि त्याने ती लिहून घ्यावी.

मॅडम म्हणाल्या, "ही शेवटची ओळ चालेल." मग खिडकीकडे बघत, "खुणा बघितल्या आणि मी समजले काम झालं. कपाट उघडून पांढऱ्या बाटल्या उचलायला मला एक मिनिट लागलं असतं. तेही तुमच्या कागदात घाला."

"ते मी कसं घालू, मॅडम?"

"मी सांगते म्हणून."

घातलं. अजून मला कळत नाही, तो त्यांचा मोठेपणा होता की वर उत्तर द्यायची तयारी. दोन्हीही असेल. एका माणसात दोन्ही राहू शकतं, एवढं मी या आठवड्यात स्वतःवरून शिकले.

"मेमो मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "नानांना कोण सांगणार?"

"मी."

नाना उबेच्या पेटीचं दार पुसत होते. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि तीच चार वाक्यं त्यांना सांगितली. पुसणं थांबलं नाही.

"पाच दिवस माझ्या पाठीला डोळे लावून होतीस," ते म्हणाले. "मला वाटलं शर्ट फाटलाय की काय."

"चुकलं माझं, नाना."

"भाचीची चौकशी का चालली होती ते आत्ता उजेडात आलं. मी आपला खुळा, घरी जाऊन बायकोला म्हटलं, बहुतेक स्थळ येतंय."

मला हसू आलं आणि रडूही. ते मात्र हसत नव्हते.

"आठ महिने राहिलेत माझे. छत्तीस वर्षांत पहिला मेमो. कोणामुळे? तर जिला मी पहिला बर्नर पेटवायला शिकवलं तिच्यामुळे."

"तो मागे घेतलाय."

"कागद मागे घेतलाय." त्यांनी फडकं पिळलं. "हे बघ पदवी, माफ वगैरे करणं मला असं पटकन जमत नाही. पुढच्या आठवड्यात विचार."

संध्याकाळी आतेभावाला फोन करणार होते. निरोप खरंच दिला होतास का, असं आता सरळ विचारावं म्हणून नंबरही काढला होता. मग ठेवून दिला. तो काही का म्हणेना. तू माझा भाऊ आहेस, दारात उभा राहून एक वाक्य बोललास, ते ऐकायला मला साक्षीदार कशाला हवा होता? त्या दिवशी तू सुट्टीच्या दिवसाचे कपडे घालून आला असतास तर कदाचित मी विश्वास ठेवला असता. कामाच्या शर्टात आलास, म्हणजे तुला खरंच माहीत नव्हतं. हे मला दोन वर्षांनी सुचतंय.

दादा, माझं चुकलं. हे वाक्य आज मी दुसऱ्यांदा बोलतेय आणि ते सोपं होत नाही.

पाकीट जाड झालंय. उद्या टाकते.


शनिवार, २४ सप्टेंबर

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. पत्र पोचलं नसेल, किंवा पोचलं असेल. या वेळी मी काही ठरवणार नाही.

मला कायम केलेलं नाही. प्रोबेशन तीन महिने वाढवलं आहे. मॅडमनी आदेश हातात दिला तेव्हा म्हणाल्या, "काढून टाकावं असं वरून आलं होतं." मी विचारलं, मग? तर म्हणाल्या, "मग काही नाही. कामाला लागा." झाल्या पुन्हा सायलेंट. आईला सगळं सांगितलं. ती जेवली. वर म्हणाली, "रविवारी जादा काम म्हणालीस तेव्हाच कळलं होतं. लहानपणी खोटं बोलताना तू माझ्या पदराशी चाळा करायचीस, आता ओढणीशी करतेस." मामा काही बोलला नव्हता. तूही नाही. उगीच संशय घेतला.

नाना पुढच्या आठवड्यात बोलले. एकच वाक्य. "पदवी, चहा ओत." मी ओतला.

खरं सांगायचं आहे ते बालवाडीचं. त्यांची टाकी रिकामी करून घासली, तळाशी पाइपला भेग होती आणि शेजारचं सांडपाणी आत झिरपत होतं. ती बुजवली. मुलं सगळी परत आली. गुरुवारी मी नवीन नमुना घ्यायला गेले. मुख्य बाई नळाशी येऊन उभ्या राहिल्या. उंच, चष्मा, हातात खडू.

"मागच्या वेळीही तुम्हीच आला होतात ना?"

"हो."

"आणि योग्य आहे म्हणून तुमचीच सही होती."

"हो, माझीच."

"मग उद्या तुम्ही पुन्हा योग्य म्हणालात, तर मी काय समजायचं?"

उत्तर तयार होतं. नव्या बाटल्या, नवी पद्धत, दोघांची तपासणी. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ते सगळं गिळलं. तो चेहरा मला ओळखीचा होता. आठवडाभर मी तोच घालून हिंडले होते. त्यांना तर तसं बघायला कारणही होतं.

"माझं ऐकू नका," मी म्हटलं. "उद्या दुपारी आमच्याकडे या. तुमच्या हाताने उबेची पेटी उघडा."

त्यांनी निळं झाकण उलटसुलट करून बघितलं, बाटलीच्या तळाची पावडर बघितली, आणि बाटली स्वतः भरली. चिठ्ठीवर खडूच्या हाताने स्वतःची सही केली, म्हणजे मी बदलू नये म्हणून. मी करू दिली.

काल दुपारी त्या खरंच आल्या. रिक्षातून, सोबत त्या वास ओळखणाऱ्या आयाबाईंना घेऊन. मॅडम केबिनमधून बाहेर आल्या आणि मागे उभ्या राहिल्या. नानांनी खुर्च्या पुसल्या. मुख्य बाईंनी पेटी उघडली, सहीची चिठ्ठी शोधली आणि बाटली बाहेर काढली. पाणी होतं तसं होतं. आरपार त्यांचा चष्मा दिसत होता.

मग आयाबाईंनी विचारलं, "आणि वाईट असतं तर कसं दिसलं असतं?"

मी जपून ठेवलेली काळी बाटली आणली. त्यांच्याच टाकीची, अकरा तारखेची. ती टाकून द्यायची असते, मी ठेवली होती. दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या. मुख्य बाईंनी खूप वेळ बघितलं. मग दाखल्याचा कागद मागितला, सगळा वाचला, मागची बाजूसुद्धा, आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पुढच्या महिन्यातही मी येणार आहे. त्याच्या पुढच्याही."

"या," मी म्हटलं. दारापर्यंत सोडायला गेले तर आयाबाई माझा हात दाबून म्हणाल्या, "बाई कडक आहेत. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लागलंय, पण ते बरं आहे.

तुला लिहायचं असेल तर घरच्या पत्त्यावर लिही. आईच्या नावाने पाठवलंस तरी ती ते मलाच मोठ्याने वाचायला लावणार, शेजारणीही ऐकायला बसतील. तेव्हा मला शिव्या घालायच्या असतील तर जरा बऱ्या शब्दांत घाल, मी एकही गाळणार नाही.

तुझी बहीण